राहिलेली वर्षे आणि मोजली जाणारी वर्षे

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुलेमुली आज शिक्षण, नोकरी आणि विवाह अशा तिन्ही निमित्तांनी ब्रिटनला जात आहेत. लंडन आणि लेस्टर ही नावे आता आपल्या घरांत पुणे-सोलापूरइतकीच सहज उच्चारली जातात. स्थळ पाहताना आपण घराणे विचारतो, शिक्षण विचारतो, मुलाचा पगार आणि राहते घर विचारतो. मात्र मुलाचा तेथील दर्जा नेमका कोणता आणि आपली मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, हा प्रश्न बहुधा प्रवासाची तिकिटे काढण्याच्या वेळी निघतो. त्याचे परिणाम चार-पाच वर्षांनी दिसतात. कायम वास्तव्याचा अर्ज करायची वेळ येते आणि तेव्हा कळते की, तेथे काढलेल्या वर्षांपैकी काही वर्षे हिशेबात धरलीच जाणार नाहीत.

बँकेच्या नोकरीत मुदत ठेवींशी माझा रोजचा संबंध होता. त्यामुळे ही गोष्ट मला त्या भाषेत सांगणे सोपे वाटते. पाच वर्षांची ठेव तिसऱ्या वर्षी मोडून दुसऱ्या योजनेत घातली, तर मुद्दल सुरक्षित राहते. परंतु नव्या ठेवीची मुदत नव्या तारखेपासूनच धरली जाते. जुन्या तीन वर्षांचा दाखला नव्या पावतीवर चालत नाही. ब्रिटनच्या कौटुंबिक व्हिसांचे गणित पुष्कळसे असेच आहे. व्हिसा बदलल्याने देशात राहता येते, पण मुदत पुढे चालू राहील की पुन्हा शून्यापासून सुरू होईल, हे कोणत्या मार्गावरून कोणत्या मार्गावर गेलो यावर ठरते.

पाच वर्षांचा मार्ग आणि दहा वर्षांचा मार्ग

कायम वास्तव्याच्या परवानगीला तेथे ‘इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन’, संक्षेपाने आयएलआर, असे म्हणतात. ९ जुलै २०१२ पासून ब्रिटनने कौटुंबिक व्हिसाची नवी नियमावली लागू केली. तोपर्यंत पती वा पत्नीला साधारण दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर कायम वास्तव्य मिळत असे. ती मुदत पाच वर्षांची झाली. त्याच वेळी उत्पन्नाची किमान अटही आली.

ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तेथे कायम वास्तव्य मिळालेल्या व्यक्तीच्या जोडीदारापुढे दोन मार्ग असतात. उत्पन्न, इंग्रजी भाषा, निवास इत्यादी सर्व अटी पूर्ण करणाऱ्यास पाच वर्षांचा मार्ग मिळतो. भारतातून जाणाऱ्यास प्रथम ३३ महिन्यांचा व्हिसा, नंतर ३० महिन्यांची मुदतवाढ आणि ६० महिने भरल्यावर आयएलआर, असा त्याचा क्रम आहे. काही अटी पूर्ण होत नाहीत, पण कुटुंब तोडणे अन्यायाचे ठरेल, उदाहरणार्थ घरात ब्रिटिश नागरिक असलेले मूल आहे, अशा वेळी दहा वर्षांचा मार्ग दिला जातो. त्यात ३०-३० महिन्यांची परवानगी चार वेळा घ्यावी लागते आणि १२० महिन्यांनी आयएलआर मिळू शकते.

३३ आणि ३० मिळून ६३ होतात. मग हे तीन महिने जादा कशासाठी? मोजणी व्हिसा मिळाल्याच्या दिवसापासून होत नाही. ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यापासून होते. व्हिसा मिळाल्यावर निरोपसमारंभ, देवदर्शन, नातेवाइकांकडची केळवणे यांत तीन महिन्यांहून अधिक काळ गेला, तर शेवटी ६० महिने अपुरे पडतात आणि आणखी एक मुदतवाढ, तिच्या संपूर्ण शुल्कासह, घ्यावी लागते.

एका मार्गावरून दुसऱ्यावर

पाच वर्षांच्या मार्गावरून दहा वर्षांच्या मार्गावर जावे लागले, तर जोडीदार म्हणून काढलेला आधीचा काळ दहा वर्षांत धरला जातो. समजा, अडीच वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी जावयाची नोकरी गेलेली असल्यामुळे उत्पन्नाची अट पुरी झाली नाही, आणि घरातील मुलामुळे दहा वर्षांच्या मार्गावर परवानगी मिळाली. येथे झालेली अडीच वर्षे वाया जात नाहीत. पुढे साडेसात वर्षे उरतात.

उलट दिशेला मात्र नियम वेगळा आहे. दहा वर्षांच्या मार्गावर असताना उत्पन्न सुधारले आणि पाच वर्षांच्या मार्गावर यायचे ठरवले, तर मागील काळ त्या पाच वर्षांत धरला जात नाही. मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून हा बदल करण्यापूर्वी साधी वजाबाकी करावी. दहा वर्षांपैकी अडीच वर्षे झाली असतील, तर तेथेच राहिल्यास साडेसात वर्षे उरतात आणि बदल केल्यास पाच. म्हणजे अडीच वर्षांचा लाभ आहे. पाच वर्षे झाली असतील, तर दोन्हीकडे पाचच उरतात. साडेसात वर्षे झाल्यावर जो बदल करील, तो उरलेल्या अडीच वर्षांऐवजी पाच वर्षांची वाट पत्करतो. ‘पाच वर्षांचा मार्ग चांगला’ हे ऐकून अर्ज भरणाऱ्यांची येथेच फसगत होते. किती वर्षे झाली हे पाहिल्याशिवाय कोणता मार्ग चांगला, हे सांगता येत नाही.

वाङ्‌निश्चय झाल्यावर ‘फियान्से व्हिसा’ घेऊन जाणे आणि तेथे विवाह करून मग जोडीदाराचा व्हिसा घेणे, असाही एक मार्ग आहे. हा व्हिसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. हे सहा महिने पाच वर्षांत धरले जात नाहीत, शिवाय अर्ज दोनदा करावा लागतो. विवाह भारतात करून, त्याची रीतसर नोंदणी करून थेट पत्नी म्हणून जाणाऱ्या मुलीची मोजणी विमानतळावरूनच सुरू होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा जैनांनाही लागू आहे आणि महाराष्ट्रात विवाह नोंदणीची व्यवस्था १९९८ च्या राज्य कायद्याने घालून दिलेली आहे. हे प्रमाणपत्र लग्नाच्या धावपळीतच काढून घ्यावे. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज करण्याची कल्पना मात्र कोणी मनात आणू नये. पर्यटकास असा बदल देशात राहून करता येत नाही.

नोकरीच्या व्हिसावरचा जावई

आपल्या समाजातील अनेक तरुण ब्रिटिश नागरिक नसतात. ते स्किल्ड वर्कर व्हिसावर असतात. त्यांच्या पत्नी ‘आश्रित जोडीदार’ म्हणून जातात. हा मार्ग ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीच्या मार्गाहून वेगळा आहे, आणि सर्वांत महाग पडणारी गफलत येथेच होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलगा नोकरीनिमित्त गेला. दोन वर्षांनी विवाह झाला आणि पत्नी आश्रित म्हणून गेली. मुलाची पाच वर्षे भरली, त्याला आयएलआर मिळाली. तेव्हा पत्नीची तीन वर्षे झालेली आहेत. आता पती कायमचा रहिवासी झाला, तेव्हा पत्नीने ‘कायम रहिवाशाची पत्नी’ म्हणून कौटुंबिक मार्गावर यावे, असे कोणालाही सुचेल. ते स्वाभाविक वाटते, पण तसे केल्यास तिची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि तिची तीन वर्षे त्या मार्गाच्या हिशेबातून जातात. पतीला स्किल्ड वर्कर म्हणून आयएलआर मिळाली तेव्हा पत्नी त्याची आश्रित होती, एवढे असेल, तर तिला आश्रित म्हणूनच मुदतवाढ घेता येते. तसे केल्यास उरलेल्या दोन वर्षांनी तिची पाच वर्षे भरतात. एका अर्जाच्या निवडीने तीन वर्षांचा फरक पडतो.

स्वतः नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलीचा विवाह ब्रिटिश नागरिकाशी झाला, तरी हाच विचार लागू होतो. नोकरीच्या व्हिसावरील चार वर्षे जोडीदार म्हणून लागणाऱ्या पाच वर्षांत मिळवता येत नाहीत. विवाह झाला म्हणून व्हिसा बदललाच पाहिजे, असे बंधन नाही. नोकरी स्थिर असेल आणि एकच वर्ष उरले असेल, तर आहे त्याच मार्गावर थांबणे शहाणपणाचे ठरू शकते.

विद्यार्थी व्हिसावरील आणि पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरील काळ पाच वर्षांच्या कोणत्याच मार्गात धरला जात नाही. पण तो अगदीच निरुपयोगी नसतो. सलग दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले असेल, तर ‘लाँग रेसिडन्स’ या स्वतंत्र तरतुदीखाली आयएलआर मागता येते, आणि तेथे विद्यार्थी, नोकरी, जोडीदार असा निरनिराळ्या व्हिसांवरील काळ एकत्र होतो. शिक्षणाची तीन, पदवीनंतरची दोन आणि नोकरीची तीन अशी आठ वर्षे झालेल्या मुलीने विवाहानंतर जोडीदाराचा व्हिसा घेतला, तर तिला पाच वर्षे थांबण्याचे कारण नाही; दोन वर्षांनी दहा वर्षांचा हिशेब पुरा होऊ शकतो. मात्र ११ एप्रिल २०२४ पासूनच्या काळासाठी कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहता येत नाही, आणि हातातील व्हिसावर किमान बारा महिने झालेले असावे लागतात. ज्यांचे शिक्षण तेथे झाले आहे, त्यांनी दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहावेत.

उत्पन्न, बचत आणि वडिलांची पेढी

जोडीदाराच्या पाच वर्षांच्या मार्गावर २०१२ पासून वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. त्या तारखेपूर्वीच या मार्गावर आलेल्यांना, जोडीदार तोच असेल तर, मुदतवाढीसाठी जुनी रक्कम लागू राहते. येथेही मार्ग सोडून पुन्हा आल्यास नव्या अटीला सामोरे जावे लागते, हे ध्यानात असावे. ही अट न्यायालयातही गेली होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती तत्त्वतः वैध ठरवली; पण नियमांत मुलांच्या हिताला पुरेसे स्थान नसल्याबद्दल सरकारला दोष दिला. त्यानंतर नियमांत दुरुस्ती झाली.

व्यापारी कुटुंबांचा येथे एक हमखास गैरसमज होतो. मुलीच्या वडिलांची पेढी किती मोठी आहे, याला या अटीत स्थान नाही. भारतातून प्रथम अर्ज करताना मुलीच्या भारतातील नोकरीचा पगारही धरला जात नाही. जावयाचे उत्पन्न पाहिले जाते. त्याचा स्वतःचा व्यवसाय असेल, तर उलाढाल कामाची नाही. खर्च वजा जाता उरलेला करपूर्व नफा पाहिला जातो. सासऱ्यांनी ‘आम्ही सांभाळू’ असे पत्र दिले, तरी पाच वर्षांच्या मार्गासाठी ते चालत नाही. केवळ बचतीच्या जोरावर प्रथम अर्ज करायचा असेल, तर ८८,५०० पौंड लागतात, आणि ती रक्कम अर्जापूर्वी सहा महिने पती-पत्नीच्या ताब्यात असावी लागते. वडिलांनी दिलेली भेट चालते, पण ती भेटच असावी आणि सहा महिने आधी खात्यात जमा झालेली असावी. उसनी रक्कम चालत नाही. बँकेची विवरणपत्रे बारकाईने तपासली जातात. अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी जमा उपयोगाची नसते.

खर्चाचाही अंदाज असावा. अर्जाचे शुल्क वारंवार बदलते, म्हणून ते त्या वेळीच पाहावे. आरोग्यसेवेचा अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे. त्या दराने ३३ महिन्यांना ३,१०५ आणि ३० महिन्यांना २,५८७.५० पौंड होतात. म्हणजे पाच वर्षांच्या मार्गावर ५,६९२.५० पौंड. दहा वर्षांच्या मार्गावर चार वेळचे मिळून १०,३५० पौंड होतात. अर्जाचे शुल्क याहून निराळे. मार्ग चुकल्याची किंमत केवळ वर्षांत मोजून भागत नाही.

संसार मोडला तर

हा विषय विवाहाच्या बोलण्यात कोणी काढत नाही, पण मुलीच्या आई-वडिलांनी तो जाणून घेतलाच पाहिजे. जोडीदाराचा व्हिसा संबंधावर आधारलेला असतो; संबंध संपला की व्हिसाचा आधार संपतो. तेथे जन्मलेल्या मुलाचे आई वा वडील त्या वेळी ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असतील, तर ते मूल जन्मतः ब्रिटिश असते. अशा मुलाची आई विभक्त झाल्यावर ‘पालक’ म्हणून स्वतंत्र मार्गावर जाऊ शकते. तेथे २९,००० पौंडांची अट नाही. स्वतःचा निर्वाह सरकारी साहाय्याविना होतो, एवढे दाखवावे लागते. परंतु पत्नी म्हणून काढलेली चार वर्षे पालक म्हणून लागणाऱ्या पाच वर्षांत धरली जात नाहीत. दहा वर्षांच्या हिशेबात मात्र पत्नी आणि पालक असे दोन्ही काळ एकत्र होतात.

दोन प्रसंगी कायदा मुदतीची वाट पाहावयास लावत नाही. जोडीदाराच्या मार्गावर असताना ब्रिटिश किंवा कायम रहिवासी पतीचे निधन झाले, तर पत्नी आयएलआरसाठी अर्ज करू शकते. आणि घरगुती छळामुळे संसार मोडला असेल, तर तिला पुराव्यासह थेट आयएलआर मागता येते. पाच वर्षे भरण्याची अट राहत नाही. हातात पैसा नसेल, तर तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी घेऊन सरकारी आधाराची मागणी करता येते. पत्नीला भारतात आणून, कागदपत्रे काढून घेऊन येथेच सोडून देण्याचे प्रकारही घडतात. अशा स्त्रीला ३१ जानेवारी २०२४ पासून भारतातूनच अर्ज करण्याची तरतूद झाली आहे. नोकरीच्या व्हिसावरील पतीच्या आश्रित पत्नीला मात्र छळाच्या प्रसंगी तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळू शकते, थेट कायम वास्तव्य मिळत नाही. हा फरक आई-वडिलांनी आधीच समजून घ्यावा.

हे सारे सांगण्याचे कारण एकच. ‘व्हिसा जाईल’ या भीतीने कोणत्याही मुलीने छळ सोसू नये, आणि ‘आता थोडीच वर्षे राहिली, सहन कर’ असा सल्ला माहेरच्यांनी तिला देऊ नये. चार वर्षे हिशेबातून गेली तरी ती पुन्हा काढता येतात. मुलगी पुन्हा मिळत नाही.

तारखांची वही

जन्मभर ज्यांनी कीर्द आणि खतावणी सांभाळली, त्यांना पुढील शिस्त अवघड नाही. एक वही करावी. तिच्यात प्रत्येक व्हिसाचा प्रकार, मार्ग, सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख, ब्रिटनमधील प्रथम प्रवेशाची तारीख आणि भारतात येण्या-जाण्याचा प्रत्येक दिवस नोंदवावा. जोडीदाराच्या मार्गावर अनुपस्थितीचे ठरावीक दिवस सांगितलेले नसले, तरी दोघे ब्रिटनमध्ये एकत्र राहतात हे पटवून द्यावे लागते. लांबलेल्या मुक्कामाचे कारण द्यावे लागते.

मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपण्यापूर्वी गेलाच पाहिजे. वेळेत अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी कायद्याने चालू राहते. मात्र अशा काळात देशाबाहेर गेल्यास अर्ज मागे घेतला असे धरले जाते. तेव्हा पर्युषणासाठी किंवा धाकट्या भावाच्या लग्नासाठी लेकीला बोलावण्यापूर्वी तिचा अर्ज प्रलंबित आहे का, हे विचारावे. आयएलआरचा अर्ज मुदत पुरी होण्याच्या २८ दिवस आधीपासून करता येतो, त्याहून आधी नाही. त्यापूर्वी इंग्रजीची पुढील पातळी आणि ‘लाइफ इन द यूके’ ही २४ प्रश्नांची परीक्षा झालेली असावी.

आयएलआर मिळाल्यावरही सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास ती संपुष्टात येते. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व जाते आणि ओसीआय कार्ड काढावे लागते. हा निर्णय निवांतपणे, मालमत्तेचा आणि वारशाचा विचार करून घ्यावा.

नियम सतत बदलतात. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्यासाठी सर्वसाधारण मुदत दहा वर्षांची करण्याचा मानस जाहीर केला; ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी मात्र पाच वर्षांची मुदत ठेवण्याचे सांगितले. त्यामुळे वर दिलेला प्रत्येक आकडा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावा. गुंतागुंत असेल, तर सल्ला तेथील सॉलिसिटरचा किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचाच घ्यावा. नोंदणीविना असा सल्ला देणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. आपल्याकडील एजंटाचा अनुभव कितीही मोठा असला, तरी मार्ग बदलण्याचा निर्णय त्याच्या भरवशावर घेऊ नये.

स्थळ पाहताना विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. मुलगा ब्रिटिश नागरिक आहे, कायम रहिवासी आहे की नोकरीच्या व्हिसावर आहे? मुलगी कोणत्या मार्गाने जाणार? तिची मोजणी कोणत्या दिवशी सुरू होणार आणि कोणत्या दिवशी पुरी होणार? व्याह्यांना हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्या घरात हिशेब स्वच्छ आहे, ते घर या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देईल.